छोट्या फाउंटन पेनात कन्व्हर्टर बसवायचाय? किती कापायचं, कुठे कापायचं आणि कशाने चिकटवायचं

कन्व्हर्टर, म्हणजे बाटलीतली शाई पेनात ओढून घेणारी पंपासारखी नळी, घुसवला, वरून बॅरल, म्हणजे पेनाचा मागचा पोकळ भाग, चढवायला गेलं तर तो आट्यांपर्यंत पोचतच नाही, मधे सात-आठ मिलिमीटरची फट राहते. छोटं फाउंटन पेन घेतलेल्या बऱ्याच जणांचं इथेच अडतं आणि मग ते पेन ड्रॉवरमध्ये जाऊन पडतं. मला ते बघवत नाही म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. मी आत्तापर्यंत चार कन्व्हर्टर कापलेत, पहिला वाया गेला, बाकीचे तीन चालू आहेत, त्यातला एक तर रोज माझ्याबरोबर डिचोली ते पणजी कदंबच्या बसने येजा करतो.

आता कोणी म्हणेल एवढा खटाटोप कशाला, सरळ कार्ट्रिज, म्हणजे तयार शाई भरलेली छोटी नळी, लाव. पण आमच्याकडे डिचोलीत काय नि म्हापशात काय, स्टेशनरीच्या दुकानात पेनाची कार्ट्रिज मिळणं कठीण, ऑनलाइन मागवायची तर कुरिअरची वाट बघत बसायचं. शाईची बाटली मात्र कुठल्याही दुकानात असते. कॅम्लिनची सुरुवातच मुळी 1931 साली दांडेकरांनी मुंबईत शाईची पूड आणि गोळ्या करून झाली, तेव्हापासून मराठी घरांत शाई म्हणजे बाटलीतलीच. तर पेन बाटलीतून भरता आलं पाहिजे, एवढंच आपल्याला हवंय.

कापायला बसण्याआधी एक गोष्ट मात्र खरी खरी सांगते. रिकामी झालेली छोटी कार्ट्रिज धुवून तीच सिरिंजने परत भरली तर तिच्यात साधारण 0.8 मिली शाई मावते, म्हणजे कापलेल्या कुठल्याही कन्व्हर्टरपेक्षा जास्त. ज्याला फक्त लिहायचंय आणि सुई हाताळायला भीती वाटत नाही त्याने खुशाल तसं करावं. माझी अडचण अशी की घरात लहान मुलं आहेत, सुई उघड्यावर ठेवता येत नाही, आणि तीच कार्ट्रिज पुन्हा पुन्हा काढून घातली की तिचं तोंड सैल पडतं आणि शाई झिरपायला लागते. शिवाय कन्व्हर्टर असला की निब बाटलीत बुडवून भरता येतं आणि पेन धुताना तोच पंपासारखा वापरता येतो, हा फायदा मला फार मोठा वाटतो.

अजून एक, तुमचं पेन कावेको स्पोर्ट असेल तर कापाकापीच्या भानगडीत पडू नका, त्या पेनासाठी कंपनीचा मिनी कन्व्हर्टर तयार मिळतो. आणि पार्कर, लॅमी, पायलट यांची तोंडं आपापली वेगळी असतात, त्यांना हा इंटरनॅशनल मापाचा कन्व्हर्टर बसतच नाही. पुढचं सगळं इंटरनॅशनल तोंडाच्या पेनासाठी आहे, म्हणजे ज्यात 38 मिमीची छोटी कार्ट्रिज बसते ते.

आता कन्व्हर्टर हातात घेऊन नीट बघा. मागे फिरवायचा नॉब, त्याच्यापुढे बहुतेक वेळा धातूची कॉलर, मग पारदर्शक नळी, नळीच्या आत दांडा आणि दांड्याच्या टोकाला रबरासारखं बूच, आणि सगळ्यात पुढे ते तोंड जे पेनाच्या आतल्या टोचणीवर बसतं. पूर्ण लांबी 72 मिमीच्या आसपास. यातला नॉब आणि कॉलरच्या आतलं यंत्र मिळून जवळपास 30 मिमी खातं आणि ती लांबी तुम्हाला कमी करता येत नाही, कारण नॉब फिरवून दांडा मागे घेतला की तो तिथेच जाऊन बसतो. म्हणजे कापायला उरते फक्त नळी. आणि नळी म्हणजे शाईची जागा. नळीचा आतला व्यास साडेपाच मिमी धरला तर एक मिमी कापली की साधारण 0.024 मिली शाई गेली, दहा मिमी कापली तर पाव मिली. पूर्ण कन्व्हर्टरमध्येच जेमतेम 0.7 मिली असते. हा हिशोब डोक्यात ठेवूनच मोजायला बसा, कारण एक मिलिमीटर जास्त कापला तर तो परत लावता येत नाही.

मोजायचं कसं

माझा पहिला कन्व्हर्टर इथेच गेला. मी बॅरलची खोली एका बारीक काडीने मोजली, काडी पार तळापर्यंत गेली, मी त्या हिशोबाने कापलं आणि तरीही बॅरल दीड मिमी वरच राहिला. कारण छोट्या पेनाच्या बॅरलचा तळ आतून निमुळता असतो, बारीक काडी त्या टोकात जाते पण सहा-सात मिमी जाडीचा नॉब त्याच्या आधीच कडेला टेकतो. मग ते दीड मिमी काढायला मी परत कापायला गेले आणि नळी तडकली.

म्हणून काडी नको, साधी, टोक न केलेली शिसपेन्सिल घ्या, तिची जाडी सात मिमीच्या आसपास असते, म्हणजे नॉबएवढीच. सपाट बाजू खाली करून बॅरलमध्ये सोडा, जिथे टेकेल तिथे बॅरलच्या काठाला लागून पेन्सिलवर नखाने खूण करा, बाहेर काढून मोजा. ही झाली बॅरलची खोली. आता कन्व्हर्टर पेनाच्या पुढच्या भागात, म्हणजे निबवाल्या भागात, पूर्ण दाबून बसवा, दांडा पूर्ण मागे घेतलेला असू दे, म्हणजे काही कन्व्हर्टरमध्ये मागून काही बाहेर येत असेल तर तेही मापात येईल. मग मोजा, पण आट्यांच्या टोकापासून नाही बरं का, आटे संपून जिथे बॅरलचा काठ येऊन टेकतो त्या खांद्यापासून नॉबच्या शेवटापर्यंत. आटे बॅरलच्या आत जातात, ते मापात धरायचेच असतात, इथे खूप जणांची चूक होते.

माझ्या पेनाचं उदाहरण देते. बॅरलची खोली 51 मिमी, कन्व्हर्टर खांद्यापासून 58 मिमी बाहेर. फरक 7, त्यात 1 मिमी मोकळं ठेवायचं कारण आत नॉब तळाला घासला की बॅरल घट्ट करताना तो फिरतो आणि शाई निबमधून बाहेर ढकलली जाते. म्हणजे कापायचे 8 मिमी. शाई गेली 0.19, उरली 0.5 मिली. हे मला चालण्यासारखं होतं.

भाचीचं पेन मात्र अगदीच एवढंसं, बॅरलची खोली 33 मिमी. तिथे फरक 25, मोकळी जागा धरून 26 मिमी कापावे लागले असते, म्हणजे शाईची जागा जवळजवळ संपलीच. असं असेल तर कापत बसू नका. माझा ठोकताळा असा आहे की दहा मिमीपर्यंत कापायचं असेल तर नळी कापा, त्याच्यावर जात असेल तर यंत्र सरळ काढून टाका आणि रबरी थैली लावा. ते पुढे सांगते.

नळी कापायचा प्रकार

कन्व्हर्टर कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा, उकळतं पाणी नको, मग एका हातात नळी आणि दुसऱ्या हातात कॉलर धरून, अंगाला जुनी सायकलची ट्यूब गुंडाळली तर पकड चांगली येते, हळूहळू मागेपुढे हलवत ओढा. यंत्र दांड्यासकट बाहेर येतं. काही स्वस्त कन्व्हर्टर चिकटवलेले असतात, ते येतच नाहीत, जबरदस्ती केली तर नळीला तडा जातो, तसला निघाला तर सोडून द्या, दुसरा घ्या.

कापायचं मागच्या बाजूने, जिकडे यंत्र असतं तिकडून. पुढच्या तोंडाला ब्लेड तर सोडाच, पॉलिश पेपरसुद्धा लावू नका, त्याच्या मापावर सगळं पेन कोरडं राहतं. नळीवर मोजून मास्किंग टेप गोल गुंडाळा, टेपची कड म्हणजे कापायची रेघ. आत बांबूची काडी घाला, तिला टेप गुंडाळून नळीत घट्ट बसेल एवढी जाड करा म्हणजे कापताना नळी दबणार नाही. हॅक्सॉ ब्लेड, बारीक दातांचं, नुसतं हातात धरून, टोकाला कापड गुंडाळून. एकाच जागी घासत आरपार जायचं नाही, नळी टेबलावर गोल फिरवत राहायची आणि आधी चारी बाजूंनी एक बारीक खाच पाडायची, मग खाच खोल करत करत जायचं. दहा मिनिटं लागतात. घाई केली तर शेवटच्या क्षणी तुकडा मोडून येतो आणि मोड नळीच्या अंगावर चढते.

पॉलिश पेपर आधी 400 नंबर आणि मग 1000, पाण्यात बुडवून, काचेवर किंवा गुळगुळीत लादीवर ठेवून कापलेली कड त्यावर उभी धरून गोल फिरवा म्हणजे कड सरळ येते. यानंतरचं काम दिसायला बारीक पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. कडेच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा बारीक कंगोरा राहतो, डोळ्याला दिसत नाही, टूथपिक आतून बाहेर ओढलं की अडकतं. यंत्र परत घालताना बूच याच कडेवरून आत जाणार, तो कंगोरा तसाच राहिला तर बुचाच्या ओठावर केसाएवढा काप पडतो आणि मग शाई बुचाच्या मागे जाते, कन्व्हर्टर उघडून बघेपर्यंत कळत नाही कुठून जाते ते. तर 1000 नंबरच्या पेपरची सुरळी करून आतून कड किंचित तिरकी करून घ्या, टूथपिक कुठेही अडकता कामा नये. मग नळी साबणाच्या पाण्यात धुवा, प्लास्टिकचा भुसा आत राहिला तर तो सरळ निबच्या खालच्या बारीक फटीत जाऊन बसतो.

बुचाला सिलिकॉन ग्रीस, टूथपिकच्या टोकावर येईल तेवढंच. व्हॅसलिन नको, पेट्रोलियमवालं काहीही रबराला खराब करतं. खोबरेल तर आपल्याकडे हाताशीच असतं, म्हणून मुद्दाम सांगते, ते अजिबात नको, तेलाचा अंश शाईत उतरला की निब कागदावर शाई धरत नाही.

आता चिकटवणं. मागचा भाग कापला म्हणजे यंत्र ज्या खाचेत अडकून बसायचं ती खाचही गेली, आता ते नुसतं घट्टपणावर बसेल आणि नॉब फिरवताना निघून येईल. सुपर ग्लू वापरू नका. त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकला पांढरट करते, आणि नंतर कधी बूच बदलायचं झालं तर उघडता येत नाही. मी लाख वापरते, चपडा लाख, सुतार पॉलिशला वापरतात ती. आमच्या गावच्या मेस्ताने, म्हणजे सुताराने, मला मूठभर दिली ती अजून पुरतेय. काचेच्या छोट्या बाटलीत लाखेचे पापुद्रे आणि ते बुडतील एवढं पॉलिशचं स्पिरिट, रात्रभर ठेवा, गॅसजवळ नको, सकाळी मधासारखं दाट झालं पाहिजे. पातळ असेल तर झाकण थोडा वेळ उघडं ठेवा, स्पिरिट उडतं. आणि आधी त्या कापून काढलेल्या तुकड्यावर थेंब लावून बघा, काही प्लास्टिकला स्पिरिट लागलं की बारीक रेषा पडतात. तसं झालं तर लाख अजून दाट करा आणि कमी लावा. तुकडा ठीक राहिला तर यंत्राच्या ज्या भागावर नळी बसते तिथे मागच्या बाजूला टूथपिकने एक पातळ वळसा द्या, बुचापासून लांब, नळी चढवा, बाहेर आलेली लाख लगेच पुसून टाका.

कोरडं व्हायला उन्हाळ्यात एक दिवस पुरतो. जून ते सप्टेंबर मात्र आमच्याकडे कपडेसुद्धा दोन-दोन दिवस वाळत नाहीत, लाख तर हवेतलं पाणी धरून पांढरी पडते. त्या दिवसांत मी कन्व्हर्टर झाकणाच्या डब्यात ठेवते आणि बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या बरोबर टाकते, दोन दिवस हात लावत नाही. पांढरी पडली तरी घाबरू नका, कोरड्या दिवशी बहुतेक वेळा निवळते.

वापरताना एक लक्षात ठेवायचं. दांडा पूर्वीएवढाच लांब आहे, नळी मात्र आखूड झाली, म्हणजे नॉबचे फेरे संपायच्या आधीच बूच पुढे जाऊन टेकतं. तिथून पुढे नॉब पिळला तर लाखेचा जोड सुटतो. मी बूच पुढे टेकवून, मग किंचित मागे घेऊन, नॉबवर आणि कॉलरवर समोरासमोर नेलपॉलिशचा एकेक ठिपका दिला आणि तिथून पूर्ण भरेपर्यंत किती फेरे होतात ते मोजून ठेवले. भरताना आणि रिकामा करताना तेवढेच फेरे.

थैलीचा प्रकार, अगदी छोट्या पेनासाठी

इथे कन्व्हर्टरचं फक्त पुढचं तोंड आणि थोडी नळी ठेवायची, यंत्र नाही. नळीवर मागून रबरी थैली चढवायची, जुन्या पेनांत असायची तशी. थैल्या ऑनलाइन मिळतात आणि त्यांचा नंबर म्हणजे बाहेरचा व्यास इंचाच्या चौसष्टाव्या भागात, 16 नंबर म्हणजे पाव इंच, 6.35 मिमी, 18 नंबर म्हणजे 7.1 मिमी. सात मिमीच्या नळीवर 18 नंबर ताणून बसते, पण ताणलेल्या जागी तिची जाडी आठ मिमीच्या वर जाते म्हणून बॅरल आतून किती रुंद आहे ते आधी बघा, साडेआठ तरी हवा. कमी असेल तर नळीचा मागचा भाग बाहेरून पॉलिश पेपरने थोडा उतरवावा लागतो, अगदी थोडा, नळीची भिंत एक मिमीसुद्धा नसते.

भाचीच्या पेनात मी नळी खांद्यापासून 8 मिमी बाहेर राहील एवढी कापली. बॅरल 33, त्यातला 1 मोकळा, राहिले 32, त्यातून नळीचे 8 गेले की थैलीला 24 मिमी मिळाले, वर 6 मिमी नळीवर चढायला, म्हणजे थैली तोंडाकडून 30 मिमीवर कापली. बंद टोक मागे. नळीला लाखेचा वळसा, लाख चिकट व्हायला लागली की थैली चढवा, ओली असताना चढवली तर घसरते. चढवताना टूथपिकच्या बोथट बाजूने कड ओढत ओढत आणायची, एका दमात ढकलली तर सुरकुती राहते आणि सुरकुतीतून शाई येते. कोरडं झाल्यावर बाहेरून बिनवासाची टाल्क चिमूटभर, नाहीतर रबर बॅरलला चिकटतं.

रबराची थैली आपल्या हवेत फार वर्षं टिकत नाही, उकाडा आणि दमटपणा दोन्ही तिला खातात, दर वर्षी दाबून बघा, चिकट किंवा कडक लागली तर बदला. सिलिकॉनची जास्त टिकते पण तिला लाख धरत नाही, ती लावली तर वरून दोऱ्याचे चार-पाच घट्ट वेढे द्यावे लागतात आणि तेवढी जागा बॅरलमध्ये हवी.

भरायची एक युक्ती आहे. निब बाटलीत बुडवून थैली दाबली, सोडली, तर जेमतेम अर्धी भरते, आणि परत दाबली तर आत आलेली शाईच आधी बाहेर पडते. म्हणून एकदा भरल्यावर पेन बाहेर काढा, निब वर करा, थैली हळू दाबून वरची हवा जाऊ द्या, निबवर शाईचा थेंब दिसला की थांबा, दाब तसाच धरून पेन उलटं करून परत बाटलीत बुडवा आणि मग सोडा. भाची नऊ वर्षांची आहे, तिला दोन वेळात जमलं.

किती मावतं हे मोजायचं असेल तर इन्सुलिनच्या सिरिंजने पाणी घालून मोजा, पण सिरिंजवर यू-40 लिहिलंय की यू-100 ते आधी वाचा, पहिल्यात 40 युनिट म्हणजे 1 मिली, दुसऱ्यात 100 युनिट. औषधाच्या दुकानात दोन्ही मिळतात.

पेनात घालण्याआधीची परीक्षा

शाई लगेच भरू नका. आधी पाणी भरा, त्यात शाईचा एक थेंब म्हणजे गळती दिसते. बाहेरून पुसून कोरडा करा, पांढऱ्या टिश्यूत गुंडाळून तोंड वर करून ग्लासात रात्रभर उभा ठेवा. सकाळी टिश्यूवर डाग असेल तर कुठल्या जागी आहे ते बघा. मागे कॉलरपाशी असेल तर बूच कापलं गेलंय. थैलीच्या जोडावर असेल तर लाख कमी पडली. कोरडा निघाला तर पेनात बसवा, बॅरलमध्ये टिश्यूची छोटी गुंडाळी टाका आणि एक दिवस पर्समध्ये घेऊन फिरा. बसचे धक्के आणि मेमधला उकाडा यात जे पेन कोरडं राहतं ते मग कुठेही राहतं.

आखूड नळीत कधी कधी शाई मागे बुचाला चिकटून राहते, पुढे येतच नाही, पेन सुकल्यासारखं लिहितं आणि उघडून बघावं तर शाई आहे. यावर आत दोन-अडीच मिमीची स्टीलची गोळी टाकतात, ती हलली की शाई खाली येते. सायकलच्या दुकानातला छर्रा टाकू नका, तो गंजतो, 316 नंबरचं स्टेनलेस मागवा. यंत्र चिकटवण्याआधीच टाकायची, नंतर जागा नाही. थैलीत तिची गरज पडत नाही.

आणि शाई फाउंटन पेनचीच वापरा, चित्रकलेची वॉटरप्रूफ काळी भरली तर ती आत सुकून एवढी घट्ट बसते की निघत नाही. चवथीला आम्ही सगळी आठ-दहा दिवस मूळ घरी असतो, पेन हातात येत नाही, तेव्हा जायच्या आदल्या दिवशी मी कन्व्हर्टर रिकामा करून पाणी स्वच्छ येईपर्यंत धुते आणि निब खाली करून कपड्यावर उभा करून ठेवते.